बॉक्सटरचे मागचे शाफ्ट: बदलायचे की नुसते बूट, आणि हे काम बेळगावात कसं करायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. निपाणीत सेकंडहँड पोर्शे बॉक्सटर आणलीय, ९८७ मॉडेल, मॅन्युअल गिअर, पुण्यावरून घेतली. उजव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालंय आणि चालत्या गाडीत ॲक्सिलेटर सोडून परत दाबला की मागनं टक्क करून आवाज येतो. मेस्त्री म्हणतोय दोन्ही मागचे एक्सल, म्हणजे चाकाला फिरवणारे शाफ्ट, बदला, अर्ध्या दिवसात करून देतो, आणि ओरिजिनल महाग वाटत असेल तर लेथवर नवीन शाफ्ट बनवून घेऊया. आता करायचं काय, असं विचारलंय.

सरळ सांगतो. दोन्ही बदलायची घाई करू नका, आणि लेथवरचा शाफ्ट तर ह्या गाडीला घालायचाच नाय. ग्रीस उडालंय म्हणजे बूट, म्हणजे शाफ्टच्या सांध्यावरचं (जॉइंटवरचं) रबरी आवरण, फाटलाय एवढंच आत्ता नक्की म्हणता येतं, जॉइंट गेलाय का ते उघडून धुतल्याशिवाय कुणी सांगू शकत नाय, आणि मधला दांडा तर बहुतेक वेळा एकदम चांगला असतो. दांडा तुटला, वाकला, स्प्लाइन (टोकावरचे उभे दाते) खाल्ले असं ह्या गाड्यांत क्वचितच होतंय. खर्च वाचवायचा असेल तर इथंच वाचतो, स्वस्त पार्ट शोधून वाचत नाय.

मेस्त्रीला दोष नाय बरं का. आपल्या भागात मागचा एक्सल म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो टेम्पो, जीप, नायतर ट्रॅक्सचा. तिथं सगळं एका हाऊसिंगमध्ये असतंय, चाकाच्या तोंडावरचे बोल्ट काढले की दांडा बाहेर ओढायचा, नवीन घालायचा, तेल भरायचं, चहा प्यायचा. बॉक्सटरचं तसं नाय. इंजिन सीटच्या मागं, त्याच्या मागं गिअरबॉक्स, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर) गिअरबॉक्सच्याच पोटात, आणि तिथनं दोन्ही बाजूला उघडे दोन शाफ्ट चाकापर्यंत जातात. मागची चाकं स्वतंत्र वरखाली होतात, मग शाफ्टच्या दोन्ही टोकाला सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकला तरी एकसारखा फिरणारा सांधा, पाहिजेच. चाकाकडचा जॉइंट फक्त कोन बदलतो. गिअरबॉक्सकडचा कोन पण बदलतो आणि थोडा आतबाहेर पण सरकतो, कारण चाक खड्ड्यात गेलं की लांबी बदलते. आत सहा गोळ्या, खाचा आणि पिंजरा. ही सहा गोळ्यांची करामत फोर्डमधल्या अल्फ्रेड झेप्पानं १९२०च्या दशकात काढली, अजून तेच चालू हाय. त्यामुळं हे काम म्हणजे दांडा ओढून काढणं नाय, निम्मं सस्पेन्शन सोडवणं हाय, आणि अर्ध्या दिवसाचं आश्वासन देणाऱ्यानं ही गाडी खालून बघितलेली नाय असं समजा.

आता आवाज. पुढचं चाक ओढणाऱ्या गाडीत, म्हणजे स्विफ्ट, पोलो वगैरेत, सीव्ही गेला की स्टिअरिंग पूर्ण फिरवून वळताना कट-कट-कट येतं, हे सगळ्यांना माहीत हाय. मागच्या चाकाला स्टिअरिंग नाय, जॉइंटचा कोन फारसा बदलत नाय, म्हणून तसं कट-कट मागं सहसा येत नाय, आणि आलं नाय म्हणून जॉइंट चांगला असं पण समजायचं नाय. मागचा जॉइंट खराब असेल तर दोन खुणा बघा. एक म्हणजे तुम्ही सांगताय तसा लोड बदलताना टक्क. दुसरी म्हणजे चढावर दाबून चालवताना सीटखाली बारीक थरथर, आणि ॲक्सिलेटर सोडला की लगेच गायब. ही थरथर आतल्या जॉइंटची असते. तुमच्या जवळ तवंदी घाट हाय, तिथं चौथ्या गिअरमध्ये चढ घेऊन बघा, समोरमागं ट्रक नसताना. गोव्याकडच्या चोर्ला घाटात टेस्ट करायला जाऊ नका, पावसाळ्यानंतर त्या रस्त्यावर गाडीचा आवाज कुठला आणि खड्ड्याचा कुठला तेच कळत नाय.

पण टक्क म्हटलं की शाफ्टच, असं नसतंय. ह्या गाडीत इंजिन-गिअरबॉक्स तीन माउंटवर, म्हणजे रबरी आधारांवर, बसतं, पुढं इंजिनला एक आणि मागं गिअरबॉक्सला दोन. पुढचं माउंट बसलं, रबर फाटलं, की लोड बदलताना अख्खं इंजिन हलतं आणि सेम असाच धक्का येतो. बंद गाडीत पहिला गिअर टाकून, हँडब्रेक सोडून, गाडी हातानं पुढंमागं ढकलून बघा, एक माणूस खालून माउंटकडं टॉर्च धरून. माउंट उड्या मारताना दिसलं तर आधी ते. तिसरा संशयित म्हणजे सस्पेन्शनचे दोन भाग, मागचे कंट्रोल आर्म (चाकाला खालून धरणारे हात), ज्याला पोर्शेवाले कॉफिन आर्म म्हणतात, आणि ड्रॉप लिंक (अँटीरोल बारची छोटी दांडी). त्यांचा आवाज खड्ड्यावर येतो, ॲक्सिलेटरवर नाय. आणि हूं हूं असा घुमणारा आवाज स्पीडबरोबर वाढतोय, उजवीकडं डावीकडं वळवताना कमीजास्त होतोय, तर ते व्हील बेअरिंग. हे सगळं बघून झालं की मगच शाफ्टला हात लावायचा. शाफ्ट बदलून आवाज तसाच राहिला तर ते दुःख फार मोठं असतंय, पैशानं पण आणि कष्टानं पण.

गाडी वर घेतली की गिअर न्यूट्रल करून दोन्ही चाकं हातानं फिरवा, प्रत्येक बुटाच्या घड्या बोटानं उघडून बघा. वरनं चांगला दिसणारा बूट घडीच्या खोबणीत चिरलेला असतोय. ह्या गाडीत सायलेन्सरचे पाइप जवळनं जातात त्यामुळं आतल्या बुटाला कायम धग लागते, रबर कडक होतं. त्यात आपल्याकडचा लाल मातीचा चिखल. खानापूर, जांबोटी भागात पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याला माहीत हाय, ती माती वाळली की पॉलिश पेपरगत काम करते. बूट फाटल्यावर ग्रीस बाहेर जातं हे अर्धं नुकसान, खरं नुकसान ती माती आत जाऊन करते. म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न हा की बूट फाटून किती दिवस झालेत? उडालेलं ग्रीस अजून ओलं, चिकट, काळं असेल तर लवकर सापडलं. वाळून त्यावर धुळीचा थर बसलाय आणि बोटात घेतलं की कचकच लागतंय तर जॉइंट उघडायची तयारी ठेवा. दुसरा प्रश्न, डाव्या बाजूचे बूट कसे हायत? रबराचं वय दोन्हीकडं सारखंच, त्यामुळं गाडी उघडलीच हाय तर बूट मात्र चारही बदला असं मी सांगेन. शाफ्ट दोन्ही नाय, बूट चारही. ह्यात काय विसंगती नाय, बूट किट शाफ्टच्या मानानं अगदी स्वस्त पडतं.

लेथचं एकदाच बोलून सोडतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काय बनत नाय असं विचारायला पाहिजे, फाउंड्री हाय, हायड्रॉलिक हाय, क्रँकशाफ्ट बनवणारे हायत, हाताला धरून शिकवतील असे टर्नर हायत. म्हणूनच लोकांना वाटतं की एक दांडा आणि त्याच्या टोकाला स्प्लाइन, त्यात काय एवढं. ईएन-२४ पोलादाचा रॉड घेऊन हुबेहूब माप काढून देतील पण. अडचण मापाची नाय. ओरिजिनल दांड्याचा वरचा थर इंडक्शन हार्डनिंग करून कडक केलेला असतो आणि आतला गाभा चिवट ठेवलेला असतो, स्प्लाइन पण बहुतेक कापलेले नसतात, दाबून उठवलेले असतात. नुसता टर्निंग करून मिलिंगवर स्प्लाइन कापलेला दांडा पहिल्या दिवशी छान चालेल, पण प्रत्येक वेळी क्लच सोडताना तो पिळला जातो, आणि एक दिवस स्प्लाइनच्या मुळातनं तडा सुरू होतो. वेल्डिंग केलेला तर त्याहून वाईट, वेल्डच्या शेजारची हार्डनिंगच मरते. हायवेवर शंभरच्या स्पीडला तुटलेला शाफ्ट आत गरगर फिरून शेजारचे ब्रेकचे पाइप, वायरिंग, काय काय घेऊन जाईल ते सांगता येत नाय. उद्यमबागला जायचंच हाय तर पुलर, म्हणजे अडकलेला दांडा ढकलून काढायचं हत्यार, बनवायला जा, ते खाली सांगतो.

पार्टचं म्हणाल तर तीन वाटा. पोर्शेकडून अख्खा शाफ्ट, दोन्ही जॉइंटसकट, डोळे झाकून घालावा असा, पण किंमत ऐकून बसायला खुर्ची लागते. दुसरी, बाजारातला चांगल्या कंपनीचा. लोब्रो हे नाव लक्षात ठेवा, जीकेएन कंपनीचा माल, बऱ्याच जर्मन गाड्यांत फॅक्टरीतूनच हेच जॉइंट येतात, फक्त डब्यावर पोर्शेचं नाव नसतं. तिसरी वाट, स्वतःचाच शाफ्ट ठेवून फक्त खराब झालेला जॉइंट आणि बूट किट घालायचं, आणि जॉइंट नुसता डागाळलेला असेल तर फक्त बूट. मुंबईतल्या कुर्ल्याच्या किंवा दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगारातला वापरलेला शाफ्ट मी नको म्हणत नाय, पण बूट काढून, जॉइंट धुवून दाखवला तरच, नायतर तुमचा जुना आणि तो ह्यात फरक काय? आणि काही घेताना चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा. पाच गिअरची, सहा गिअरची, टिपट्रॉनिकची (ऑटोमॅटिक) गाडी, बेस आणि एस मॉडेल, ह्यांचे शाफ्ट एकच असतील असं धरून चालू नका. नवीन आला की जुन्याशेजारी जमिनीवर आडवा ठेवून लांबी, स्प्लाइन, फ्लँजची (बोल्ट लागतात त्या चपट्या तोंडाची) भोकं सगळं जुळवायचं, मगच बिल फाडायचं.

आता काम. सगळ्यात मोठा पहिलवान म्हणजे चाकाच्या मधला नट. ३२चा सॉकेट लागतो, आणि घट्ट करायचा टॉर्क (पिळायचा जोर) हाय ४६० न्यूटन मीटर, जुन्या भाषेत साधारण ४७ किलो-मीटर. अंदाज यावा म्हणून सांगतो, ७० किलोचा माणूस पाइपाच्या ६७ सेंटीमीटरवर पूर्ण वजन टाकून उभा राहिला तर एवढा टॉर्क होतो. आणि हा घट्ट करायचा आकडा झाला, गंजलेला सोडवायला ह्याच्या वर लागतो. अर्ध्या इंची हँडल घेऊन ह्याच्या मागं लागू नका, मोडतं आणि मोडलं की हनुवटीवर येतं. पाऊण इंची ड्राइव्हचं हँडल, इम्पॅक्टवाला जाड सॉकेट, आणि जाड पाइप. नटाचे कोन आधी बघून सॉकेट घ्या, साफ न बसणारा सॉकेट घालून ओढलं की नट गोल होतो आणि मग ग्राइंडरचं काम निघतं.

नट ढिला कधी करायचा ह्याच्यावर गॅरेजात भांडणं होतात. चाक जमिनीवर, एक माणूस ब्रेक दाबून, दुसरा पाइपावर, हे सोपं पडतं आणि बरेच जण तसंच करतात. मला विचाराल तर जमिनीवर फक्त कडक सुटेपर्यंत, पाव फेरा, बस्स. पुढचं सगळं चाक हवेत घेऊन. कारण ह्या नटाच्या ताणानंच व्हील बेअरिंगच्या आतल्या दोन रिंगा एकमेकाला चिकटून राहतात. नट ढिला असताना गाडीचं वजन बेअरिंगवर पडून चाक फिरलं की बेअरिंग खराब. म्हणून शाफ्ट काढलेला असताना "जरा ढकलून बाजूला लावू" असं कुणी म्हणालं तर त्याला आधी बाजूला लावा. ढकलायचीच वेळ आली तर जुना शाफ्ट किंवा निदान त्याचं टोक घालून नट आवळल्याशिवाय नाय.

गाडी वर घ्यायला दोन खांबाची लिफ्ट मिळाली तर उत्तम. नसेल तर चपटा ट्रॉली जॅक पाहिजे, साधा जॅक ह्या गाडीखाली जातच नाय, आणि दोन्ही बाजूला चांगले स्टँड. विटा, लाकडी ठोकळे, रिम असलं काय घालायचं नाय, अंगावर येणारी गाडी पोर्शे असली तरी मरतो तो माणूसच. बॅटरी काढायची गरज नाय. सायलेन्सर पूर्ण गार होऊ द्या.

चाक काढलं की खालची ॲल्युमिनियमची मजबुतीची प्लेट आणि तिरक्या पट्ट्या येतात, त्या काढल्याशिवाय शाफ्टला जागा होत नाय. कुठला बोल्ट कुठला ते पुठ्ठ्यावर चित्र काढून त्यातच टोचून ठेवा, लांबी वेगवेगळी असते. मग गिअरबॉक्सच्या फ्लँजचे सहा बोल्ट. इथं घाई करणाऱ्याचा दिवस जातो. ह्या बोल्टांची डोकी ग्रीस आणि धुळीनं गच्च भरलेली असतात, टॉर्चमध्ये पूर्ण खाच दिसते असं वाटतं पण तळाला माती असते. बिट अर्धाच बसतो आणि ओढला की खाच सपाट. म्हणून खिळ्यानं खरवडा, ब्रेक क्लीनर मारा, हवा मारा, परत खरवडा. मग बिट घालून हातोडीनं दोन टोले, तळाला लागल्याचा आवाज बदलतो, टप्प येत होता तो टक् येतो, तेव्हा ओढायचं. बिट ॲलनचा की बारा दातांचा ते खाच साफ झाल्यावरच नीट दिसतं. जर्मन गाड्यांत दोन्ही भेटतात, आणि बारा दातांच्या खाचेत टॉर्क्सचा बिट बसल्यासारखा वाटतो, बसत नाय. एका वेळी दोनच बोल्ट हाताशी येतात, दोन काढले की न्यूट्रल करून चाक फिरवायचं, परत गिअर टाकायचा. आत एक माणूस लागतोच. शाफ्टचं आतलं टोक सुटलं की ते लोंबकळू द्यायचं नाय, तारेनं वर बांधा. लोंबला की बाहेरचा जॉइंट त्याच्या मर्यादेपलीकडं वाकतो आणि चांगला असलेला बूट पण चिमटतो.

आता हबमधून, म्हणजे चाक बसतं त्या मधल्या भागातून, टोक बाहेर. खालच्या कंट्रोल आर्मचा बॉल जॉइंट, टो लिंक (चाकाची दिशा धरणारी दांडी), ड्रॉप लिंक सोडवले की नकल, म्हणजे हबला धरणारा भाग, बाहेर ओढता येतो, तेवढी जागा पुरते. ब्रेकचा पाइप ताणू देऊ नका, कॅलिपर काढून तारेनं टांगा, एबीएस सेन्सरची वायर क्लिपमधून मोकळी करा. कंट्रोल आर्मच्या आतल्या बाजूचा ॲडजस्टचा एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेला) बोल्ट असतो त्याला अजिबात हात लावायचा नाय, नायतर चाकाचा कोन जागचा गेला.

स्प्लाइन चिकटलेले असले, आणि गोव्याला समुद्राकडं फिरलेल्या गाडीचे असतातच, तर थेट दांड्याच्या टोकावर घण घालणं सुरू होतं. थांबा. दांड्याचं टोक फुललं की नट परत चढत नाय, आणि टोल्याचा मार सगळा बेअरिंगवर जातो. आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवा. जुना नट टोकाबरोबर समान येईल एवढा लावून त्यावर पितळेचा दांडा ठेवून दोन-तीन मध्यम टोले, नाय सुटला तर पुलर. उद्यमबागचं काम ते हेच. २० एमएमची गोल प्लेट, त्याला पोर्शेच्या चाकाचीच पाच भोकं, १३० एमएमच्या वर्तुळावर, आणि मध्ये आटे पाडून जाड बोल्ट. ह्या गाडीला चाकाला नट नसतात, १४ एमएमचे बोल्ट असतात १.५ पिचचे, तेच बोल्ट वापरून प्लेट हबवर बसवायची, मधला बोल्ट आवळत दांड्याला आत ढकलायचा. बोल्टाच्या टोकाला एक बॉल बेअरिंगची गोळी ग्रीस लावून ठेवली की टोक खात नाय. अशी प्लेट तिथला कुठलाही टर्नर संध्याकाळपर्यंत देतो, आणि आयुष्यभर पुरते. भोकांचं माप मात्र चाकावरून घेऊन द्या, अंदाजे नको.

शाफ्ट टेबलावर आला. आता निर्णयाची वेळ. आतला बूट कापून टाका, जॉइंटचं ग्रीस कापडानं पुसा, आणि जॉइंट सोडवायच्या आधी बाहेरच्या कड्यावर, पिंजऱ्यावर आणि आतल्या तुकड्यावर एका रेषेत पंचनं खूण करा. हे विसरायचं नाय. सरकणाऱ्या जॉइंटात खाचा तिरक्या असतात, आणि त्यांच्यामधलं अंतर आळीपाळीनं एक रुंद एक अरुंद असतं, आतला भाग उलटा बसला तर जॉइंट जाम होतो किंवा पूर्ण सरकत नाय. सर्किलप (दांड्याच्या खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढली की तो दांड्यावरून निघतो, त्याच्यामागची वाटीसारखी वॉशर कुठल्या तोंडानं बसलीय त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. गोळ्या कुठल्या खाचेतल्या त्या क्रमानं ठेवा, अंड्यांचा ट्रे ह्या कामाला फार भारी.

रॉकेल किंवा डिझेलनं सगळं स्वच्छ धुवा, हवेनं वाळवा, आणि उजेडात न्या. खाचेत गोळी फिरल्याचा चकचकीत पट्टा दिसतो, तो चालतो, तो तर हवाच. नखाला लागणारा खड्डा, सोललेला पापुद्रा, निळसर काळी पडलेली जागा, पिंजऱ्याच्या खिडकीला तडा, ह्यापैकी काहीही दिसलं तर तो जॉइंट गेला, त्यावर नवीन ग्रीस घालून मन मारू नका. बाहेरचा जॉइंट सहसा पूर्ण उघडायची गरज पडत नाय, त्याचा बूट आतल्या टोकाकडून दांड्यावरून सरकवत नेता येतो. रॉकेल घालून, वाकवून, फिरवून, परत रॉकेल, असं रॉकेल स्वच्छ निघेपर्यंत करा, मग खाचा टॉर्चनं बघा. इथं खराब निघाला आणि आतला पण खराब असेल, तेव्हा मात्र अख्खा शाफ्ट घेण्यात शहाणपण हाय. दोन वेगळे जॉइंट आणि बूट ह्यांची बेरीज तिथंच पोचते.

ग्रीस किटमधलंच. मोलिब्डेनमवालं काळपट ग्रीस असतं, ते सीव्हीसाठीच असतं. बेअरिंगचं पिवळं ग्रीस, ट्रॅक्टरच्या गनमधलं ग्रीस, कुणी कितीही म्हणालं तरी घालायचं नाय. पाकिटात दिलंय तेवढं सगळं घालायचं, थोडं जॉइंटात बोटानं दाबून दाबून आणि उरलेलं बुटात. जास्त घातलं तर बूट फुगून क्लिपमधून पळतं, कमी घातलं तर जॉइंट कोरडा. बूट बसवताना घडी पिळलेली राहता कामा नये, आणि लहान क्लिप आवळायच्या आधी बुटाची कड किंचित उचलून आतली हवा काढायची. क्लिप कानवाल्या असतात, त्यांचा पक्कड वेगळा येतो आणि फार महाग नसतो, घ्या एकदा. प्लॅस्टिकच्या केबल टायनं किंवा बांधायच्या तारेनं बांधलेले बूट मी बघितलेत, पहिल्याच पावसात परत ग्रीस चाकावर.

फिटिंग उलट क्रमानं, पण दोन-तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. हबचे स्प्लाइन वायर ब्रशनं साफ करा. काही गाड्यांत एबीएसचं दात्यांचं कडं बाहेरच्या जॉइंटवरच असतं, तसं असेल तर नवीन शाफ्टवर ते हाय का आणि दाते तेवढेच हायत का ते आधी मोजा, नायतर सगळं बसवल्यावर डॅशवर एबीएसचा पिवळा दिवा आणि मग मेस्त्री सेन्सरला शिव्या घालतोय. फ्लँज आणि जॉइंटचं तोंड तेलकट ठेवू नका, पुसून कोरडं करा. सहा बोल्ट नवीन घाला, आधी सगळे हातानं, मग समोरासमोर थोडे थोडे, शेवटी ८१ न्यूटन मीटर. प्रत्येक बोल्टावर पांढऱ्या पेंटची एक रेघ मारा, पुढं कधी खालून बघितलं तर हलला की नाय ते लगेच दिसतं.

कंट्रोल आर्म, टो लिंकचे बोल्ट हवेत पूर्ण आवळू नका. जिथं रबरी बुश हाय तिथं चाकाखाली जॅक लावून गाडी जमिनीवर असल्यासारखी उंची करून मगच शेवटचा टॉर्क. हवेत आवळला की बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

मधला नट नवीनच. जुना घातला तर चालतो म्हणणारे भेटतील. पण त्याची पकड एकदाच असते. आणि हा नट इम्पॅक्ट गननं आवळायचा नाय, गन किती आवळतेय ते कुणाला कळत नाय, कमी राहिला तर बेअरिंग जातं, जास्त झाला तरी बेअरिंग जातं. ४६० दाखवणारा टॉर्क रेंच साध्या कार गॅरेजात नसतो, नेहमीचा अर्ध्या इंचीवाला त्याच्या बऱ्याच आधी संपतो. हायवेला ट्रकची कामं करणाऱ्यांकडं पाऊण इंचीचा मोठा असतो, ओळख काढून तासाभरासाठी आणा. माझ्याकडं बैलहोंगलचा एक पोरगा हाय, पाइप ओढताना निम्म्यातच म्हणतो, "साकु अण्णा, साकु!" म्हणजे कन्नडमध्ये पुरे. पण रेंच क्लिक म्हणेपर्यंत साकु नाय. चाक हवेत, आत ब्रेक दाबलेला, ओढत राहायचं. क्लिक झाल्यावरच गाडी खाली. नंतर चाकाचे बोल्ट १३०, तेही हातानं, आणि चाक चढवताना एका भोकात गाइड पिन लावा, नायतर जड ॲलॉय हातातून सुटून ब्रेक डिस्कला मार बसतो.

टेस्टला लगेच हायवेला पळू नका. आधी गल्लीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, काच खाली करून, ॲक्सिलेटर दाब-सोड. मग निपाणी ते तवंदी. परत आल्यावर खालून बुटाच्या क्लिप, फ्लँजच्या पेंटच्या रेघा, आणि चाकाच्या आत नवीन ग्रीसचा ठिपका आलाय का ते बघा. टो लिंक सोडवलीय म्हणजे अलाइनमेंट करायचीच, मागच्या चाकाचं पण. चारही चाकं घेणारं मशीन असलेल्या दुकानात जा, बेळगाव किंवा कोल्हापूर, आणि त्यांना आधीच सांगा की मागचं टो-कॅम्बर (चाकाचे आडवे-उभे कोन) पण करायचंय, नायतर पुढचं करून प्रिंट हातात देतात.

वेळ म्हणाल तर लिफ्ट, पुलर, मोठा रेंच, सगळे पार्ट समोर असले तर एका बाजूला एक पूर्ण दिवस धरा, पहिल्यांदा करणाऱ्याला जास्त. तुमच्या मेस्त्रीनंच करावं, त्याला काय येत नाय असं नाय. फक्त पार्ट हातात येईपर्यंत गाडी उघडू देऊ नका, ही गाडी शेडमध्ये चारी पाय वर करून आठवडे पडली की सर्किलपपासून बोल्टापर्यंत काही ना काही हरवतंच. आणि आत्ता, पार्ट यायच्या आधी, गाडी चालवायचीच असली तर आवाज फक्त टक्क एवढाच आणि थरथर नसेल तोवर हळू, जवळपास. थरथर सुरू झाली की उभी करा.

जुना शाफ्ट निघाला तर भंगारात घालू नका, दांडा चांगला असला की पुढं कधी त्यावर नवे जॉइंट चढवून स्पेअर होतो. ऑइलच्या कापडात गुंडाळून, स्प्लाइनला ग्रीस लावून वर ठेवा. डाव्या बाजूच्या बुटांचे फोटो काढून पाठवा, घडी उघडून, टॉर्च लावून. ते बघून चार बूट किट मागवायचे की डाव्या बाजूला जॉइंट पण मागवायचा ते सांगतो.